जेसीबी लावण्याआधी: शहरातल्या बांधकामांसाठी वारसा सल्लागार कसा नेमावा

पुण्यात मेट्रोचं भुयारी काम चालू असताना २०१९ साली दोन गोष्टी जमिनीखालून वर आल्या. स्वारगेटला खोदताना जुन्या पाणीपुरवठ्याशी जोडलेला एक बोगदा लागला, आणि मंडईजवळच्या खोल खड्ड्यात हत्तीएवढ्या मोठ्या प्राण्याची हाडं निघाली. बातम्या झाल्या, फोटो छापून आले, तज्ज्ञांना बोलावणं गेलं. अशा बातम्या वाचल्या की मला एकच प्रश्न पडतो, आणि तो पुण्यापुरता नाही, कुठल्याही जुन्या शहरातल्या कुठल्याही खड्ड्याला लागू पडतो: असं काही सापडलं तर काय करायचं, हे काम सुरू होण्याआधी कोणी लिहून ठेवलं होतं का?

जुन्या गावांत असं काही सापडणारच. पुणे, नाशिक, पैठण, कोल्हापूर ही गावं एकाच जागी शेकडो वर्षं नांदत आली आहेत. घरं पडतात, त्यांच्याच मातीवर नवी उभी राहतात आणि पायाखाली पांढरीचे थरावर थर साचत जातात. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी आपला व्यापार होता, त्याची ती खूण. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे १९४५-४६ मध्ये उत्खनन केलं. पुढे १९५०-५१ मध्ये नाशिकच्या जुन्या मातीच्या गढीवर सांकलिया आणि शां. भा. देव यांनी काम केलं. ती खोदाई अभ्यासासाठी होती. आज त्याच प्रकारची माती ड्रेनेजसाठी, पार्किंगसाठी, मेट्रोसाठी उपसली जाते आणि उपसणाऱ्याला वेळेत काम संपवायचं असतं. त्याचं चूक काहीच नाही, त्याला नेमलंय त्याच कामासाठी. म्हणूनच दुसऱ्या कोणाला तरी मातीकडे बघण्यासाठी नेमावं लागतं. हा माणूस नेमला की नाही, एवढंच बघून भागत नाही. तो कधी नेमला, कोणत्या अटींवर नेमला आणि ‘थांबा’ म्हणायची मुभा त्याला आहे का, यावर पुढचं सगळं ठरतं.

एका नावाखाली चार वेगळे लोक

निविदांमध्ये सरसकट ‘हेरिटेज कन्सल्टंट’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात त्यात किमान चार वेगळी कामं येतात. संवर्धन वास्तुविशारद जमिनीवर उभ्या असलेल्या इमारतीचं बघतो: दगड कुठला, चुना कसा, गळती कुठून, दुरुस्ती कशी. जुन्या बांधकामाची जाण असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर भिंती किती भार घेतात, शेजारच्या खोदाईनं पाया हलेल का, याचा हिशेब करतो. कागदपत्रांचा अभ्यासक जुने नकाशे, सिटी सर्व्हेची पानं, गॅझेटिअर धुंडाळतो. पुण्यात काम असेल तर पेशवे दप्तरातली मोडी कागदपत्रं वाचू शकणारा माणूसच लागतो. कात्रजहून शहरात येणारी पेशवेकालीन नळयोजना, तिचे उच्छ्वास (नळातली हवा बाहेर सोडणारी उभी बांधकामं), तिचे हौद यांचा माग अशा कागदांतूनच लागतो. आणि चौथा पुरातत्त्वज्ञ, जो मातीचे थर वाचतो.

आपल्याकडे घोळ होतो तो पहिल्या आणि चौथ्यात. संवर्धन वास्तुविशारद नेमला की जमिनीखालचंही बघितलं जाईल, असं गृहीत धरलं जातं. पण मोडकळीला आलेला वाडा उत्तम उभा करणारा माणूस मातीतल्या थरांबद्दल काही सांगू शकेलच असं नाही. त्याचं शिक्षण वेगळं, नजर वेगळी.

ती नजर म्हणजे काय, ते बघा. समजा, गावठाणात ड्रेनेजसाठी दोन मीटर खोल चर खणला आहे. मुकादमाला त्यात माती दिसते. पुरातत्त्वज्ञ चरात उतरतो, उभ्या बाजूची माती करणीनं हलकेच तासून घेतो आणि मग थर वेगळे दिसू लागतात. वर हातभर डांबर, खडी, मुरूम. त्याखाली विटांचे तुकडे आणि चुना मिसळलेला राडारोडा, म्हणजे एखादं पडलेलं घर. त्याखाली बोटभर जाडीचा काळा पट्टा, म्हणजे राख: चुलीची किंवा आगीची. त्याखाली पांढुरकी भुसभुशीत माती, तिच्यात खापरं, बांगड्यांचे तुकडे, हाडं. आणि तळाला माणसाचा हात न लागलेला मूळ मुरूम. हीच खापरं वेचून पोत्यात भरली तर त्यातून फारसं काही कळत नाही. ती कोणत्या थरात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी होती, ही नोंद हाच खरा ठेवा असतो. बकेटच्या एका फटक्यात तो कायमचा जातो, कारण ती माती पुन्हा तशी रचता येत नाही. पडलेल्या इमारतीचे निदान फोटो तरी उरतात.

कायदा कुठपर्यंत पोचतो

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी १९५८ चा कायदा आहे. २०१० मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि स्मारकाभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र प्रतिबंधित, त्यापुढचं २०० मीटरचं नियंत्रित ठरलं. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम चालत नाही, नियंत्रित क्षेत्रात परवानगी काढावी लागते. त्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झालं. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे.

हा नियम केवढा मोठा प्रकल्प वळवू शकतो, ते पुणेकरांनी पाहिलं आहे. वनाज ते रामवाडी या मेट्रोचा मूळ मार्ग नगर रस्त्यानं आगाखान पॅलेससमोरून जाणार होता. ‘छोडो भारत’ आंदोलनानंतर गांधीजींना जिथे स्थानबद्ध केलं, महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचं जिथे निधन झालं, ती ही वास्तू. ती राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे. मार्ग कागदावर पक्का झाल्यानंतर तो प्रतिबंधित क्षेत्रातून जातो हा मुद्दा आडवा आला आणि शेवटी मेट्रो कल्याणीनगरमधून वळवावी लागली. मग तिथल्या रहिवाशांचा विरोध, बदललेली आखणी, वाढलेला व्याप. स्मारक काही रात्रीत उगवलं नव्हतं. नकाशावर १०० मीटरचं वर्तुळ काढायला एक दुपार पुरते. पण ते वर्तुळ मार्ग ठरण्याआधी काढायचं काम कोणाच्या तरी नावावर असावं लागतं.

दुसरी व्यवस्था शहरांच्या वारसा यादीची. मुंबईत १९९५ मध्ये यासाठी नियमावली लागू झाली, सहाशेहून जास्त नोंदींची यादी आली. श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब, तीन अशी वर्गवारी झाली आणि महापालिका आयुक्तांना सल्ला देणारी वारसा संवर्धन समिती बसली. देशातल्या शहरांसाठी ही मोठीच गोष्ट होती, आणि मुंबईचा फोर्ट आज निदान ओळखू येतो याचं बरंचसं श्रेय तिला आहे.

पण या दोन्ही व्यवस्थांमध्ये एक मोठं भगदाड आहे. दोन्ही ओळखतात ती दिसणारी, नोंदलेली वास्तू. स्मारकाच्या ३०० मीटरबाहेर, यादीत नसलेल्या एखाद्या साध्या रस्त्याखाली हजार-दीड हजार वर्षांची वस्ती दबलेली असेल, तर खोदण्यापूर्वी तिची तपासणी करा असं महापालिकेला बांधून टाकणारा सर्वसाधारण नियम आपल्याकडे नाही. खोदताना काही सापडलंच तर १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, असं तो सांगतो. दहा रुपयांचा तो आकडा अजून तसाच आहे. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची नोंदणी आणि व्यापार यांवर नियंत्रण ठेवतो. हे कायदे वस्तूंकडे बघतात. थरांकडे, जागेकडे, ‘कुठे आणि कशाशेजारी’ याकडे बघणारं त्यात कोणी नाही. म्हणून आपल्याकडे ही गरज कायद्यातून नाही, निविदेच्या अटींतून भागवावी लागते. सल्लागार कसा नेमायचा हा प्रश्न त्यामुळेच इतका महत्त्वाचा आहे.

न्यूयॉर्कमध्ये काय झालं

उशिरा आणि अपुऱ्या तयारीनं सल्लागार नेमला तर काय होतं, याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे.

मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, ब्रॉडवेवर, अमेरिकेच्या केंद्र सरकारला ३४ मजली कार्यालय बांधायचं होतं. तिथे १९६६ चा राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायदा आहे. त्याच्या कलम १०६ नुसार केंद्राचा पैसा लागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाचा ऐतिहासिक ठेव्यावर काय परिणाम होईल, हे आधी तपासावं लागतं. म्हणजे कायदा होता. सल्लागारही नेमला गेला. अभ्यासही झाला, आणि १७५५ च्या एका नकाशावर त्या भागात कृष्णवर्णीयांचं दफनस्थान स्पष्ट लिहिलेलं सापडलं. अठराव्या शतकात न्यूयॉर्कमधले गुलाम आणि मुक्त आफ्रिकी लोक आपली माणसं इथे पुरत. शहराच्या हद्दीतल्या चर्चच्या आवारात त्यांना जागा नव्हती.

मग अहवालात एक अंदाज बांधला गेला: नंतरच्या काळात इथे तळघरांच्या इमारती झाल्या, त्यामुळे कबरी बहुतेक नष्ट झाल्या असतील. अंदाज वाजवी वाटतो. पण या जागी पूर्वी खोलगट जमीन होती आणि ती सपाट करायला भराव टाकलेला होता, काही ठिकाणी वीस-पंचवीस फुटांपर्यंत. तळघरं त्या भरावात बसली, कबरी त्याखाली शाबूत राहिल्या.

१९९१ मध्ये चाचणी-उत्खनन सुरू झालं तेव्हा जागा विकत घेऊन झाली होती, आराखडा झाला होता, बांधकामाचं वेळापत्रक ठरलं होतं. पहिली कबर लागली. मग दुसरी. मग लागतच गेल्या. पुरातत्त्वज्ञ हातानं माती काढत होते आणि त्यांच्या शेजारीच बांधकाम पुढे सरकत होतं. १९९२ च्या सुरुवातीला इमारतीच्या पायाचं (फूटिंगचं) काम करताना काही कबरींची नासधूस झाली, कारण कामगारांच्या हातात जुना, रद्द झालेला नकाशा होता. ज्यांचे पूर्वज तिथे पुरलेले होते, तो समाज संतापून रस्त्यावर आला. शहराचे महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी केंद्राच्या यंत्रणेला जाब विचारला. अमेरिकी काँग्रेसमध्ये सुनावणी झाली आणि जुलै १९९२ मध्ये उत्खनन थांबलं. तोवर ४१९ जणांचे अवशेष निघाले होते. त्यांत लहान मुलं खूप होती. एका बाईच्या कमरेभोवती मण्यांची माळ तशीच होती. त्या दफनभूमीत एकूण किमान पंधरा हजार माणसं विसावली असावीत, असा अंदाज आहे.

या सगळ्यात सल्लागाराच्या नेमणुकीचा धागा नीट बघण्यासारखा आहे. ‘इथून काय शिकायचं आहे, कसं शिकायचं आहे’ याचा संशोधन आराखडा तयार नसतानाच खोदाई चालू झाली होती. आफ्रिकी इतिहासाची जाण असलेलं कोणी त्यात नव्हतं. लोकांनी आग्रह धरला की आमच्या माणसांची हाडं कोण हाताळणार आणि त्यांना कोणते प्रश्न विचारणार, हे आम्हालाही विचारा. पहिली संस्था जाऊन दुसरी आली. पुढे अवशेष हॉवर्ड विद्यापीठात गेले आणि मानवशास्त्रज्ञ मायकेल ब्लेकी यांच्या नेतृत्वाखाली अभ्यास झाला: ही माणसं कुठून आली, काय खात होती, किती ओझं वाहून त्यांचे मणके झिजले. २००३ मध्ये सन्मानानं पुन्हा दफन झालं. २००६ मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारक झाली. कार्यालय उभं राहिलं, पण त्याचा एक भाग कायमचा वगळावा लागला.

आपण यातून घ्यायचं ते हे: कायदा होता, पैसा होता, सल्लागार होता, नकाशासुद्धा सापडला होता. नव्हता तो वेळ. जागा घेण्याआधी चार चाचणी-खड्डे घेतले असते तर तो चुकीचा अंदाज तिथेच उघडा पडला असता. आराखडा पक्का झाल्यावर आलेला सल्लागार म्हणजे वरातीमागून घोडं.

लंडनची वाट

इंग्लंडमध्ये वळण आलं ते १९८९ मध्ये. लंडनच्या बँकसाइडला कार्यालयाची इमारत बांधताना पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या ‘रोझ’ नाट्यगृहाचे अवशेष निघाले आणि ते वाचवण्यासाठी नट, अभ्यासक, सामान्य लोक रस्त्यावर आले. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, सरकारनं नियोजनाचं नवं मार्गदर्शक धोरण आणलं. पुरातत्त्वीय ठेव्याचा विचार बांधकाम परवानगीच्या टप्प्यावरच व्हावा आणि तपासणीचा खर्च बांधणाऱ्यानं सोसावा, हे त्याचं सार. त्यातून तिथे या कामाचा एक पूर्ण व्यवसायच उभा राहिला.

लंडनची एलिझाबेथ रेल्वे मार्गिका मे २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्या बांधकामात चाळीसहून जास्त ठिकाणी पुरातत्त्वीय काम झालं. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनच्या जागी जुनं दफनस्थान आहे, हे आधीच माहीत होतं, म्हणून २०१५ मध्ये सुमारे साठ पुरातत्त्वज्ञांची तुकडी बांधकामाच्या आधी तिथे उतरली आणि तीन हजारांहून जास्त सांगाडे नोंदवून काढले. त्यांतल्या काहींच्या दातांतून १६६५ च्या प्लेगच्या जंतूचा डीएनए ओळखता आला. प्रकल्प रखडला, बजेट फुगलं, हे खरं आहे. पण त्याची मोठी कारणं सिग्नल, सॉफ्टवेअर, स्टेशनांची कामं ही होती. ‘पुरातत्त्ववाले आले की काम लटकतं’ असं आपल्याकडे बैठकांत सहज बोललं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता निविदा कशी असावी

सल्लागार नेमायची जागा प्रकल्प अहवालाच्या आधी आहे. त्याचं पहिलं काम कागदावरचं: जुने नकाशे, संरक्षित स्मारकं आणि त्यांची वर्तुळं, वारसा यादी, पूर्वीच्या खोदाईच्या नोंदी, गावातल्या जाणत्या माणसांशी बोलणं. त्यातून मार्गावरच्या प्रत्येक तुकड्याला एक शेरा मिळतो: इथे धोका कमी, इथे चाचणी-खड्डे घ्या, इथून मार्गच हलवा. या टप्प्याचा खर्च एकूण प्रकल्पाच्या तुलनेत किरकोळ असतो आणि वाचणारा मनस्ताप आगाखान पॅलेसएवढा. चाचणी-खड्ड्यांसाठी परवानग्या वेळेत काढाव्या लागतात. शास्त्रीय उत्खननाची परवानगी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळते, सल्लागार आपल्या मर्जीनं फावडं चालवू शकत नाही. म्हणून राज्य पुरातत्त्व विभाग किंवा डेक्कन कॉलेजसारखी संस्था सुरुवातीपासून सोबत असणं शहाणपणाचं.

निवड कशी करायची, हा पुढचा भाग, आणि इथे पाणी मुरतं. रस्त्यावर खडी टाकायची असेल तर सगळ्यात कमी दराचा ठेकेदार, म्हणजे एल-वन, घेणं समजू शकतं. खडी मोजता येते. सल्ला मोजता येत नाही. म्हणून सल्लासेवांसाठी सरकारच्याच २०१७ च्या वित्तीय नियमांत गुणवत्ता आणि दर दोन्ही धरून निवड करायची पद्धत दिलेली आहे. ती गणितातून बघू, कारण खरी गंमत भारांकात आहे.

समजा, दोन संस्था आल्या. पहिलीकडे अनुभवी पुरातत्त्वज्ञ, जुन्या शहरात केलेलं काम, नीट मांडलेली कार्यपद्धती. तिला तांत्रिक गुण ९०, तिचा दर ४० लाख. दुसरीला तांत्रिक गुण ७०, दर २५ लाख. दराचे गुण काढताना सगळ्यात कमी दराला १०० मिळतात, बाकीच्यांना त्या प्रमाणात. म्हणजे पहिलीला ६२.५, दुसरीला १००. आता गुणवत्तेला ७० टक्के आणि दराला ३० टक्के वजन दिलं तर पहिलीचे एकूण होतात ८१.७५, दुसरीचे ७९. पहिली जिंकते. वजन ६० आणि ४० केलं की पहिलीचे ७९ आणि दुसरीचे ८२. दुसरी जिंकते. माणसं तीच, काम तेच, दर तेच. टेबलावर बसून कोणी तरी दहा टक्के इकडचे तिकडे केले आणि जमिनीखालच्या हजार वर्षांचा वाली बदलला. म्हणून निविदा आली की मी आधी हा भारांक बघतो. अशा नाजूक कामाला गुणवत्तेचं वजन ७० च्या खाली असूच नये, असं माझं ठाम मत आहे.

पात्रतेच्या अटीही तपासून बघाव्यात. ‘गेल्या तीन वर्षांत इतक्या कोटींची उलाढाल’ अशी अट घातली की मातीत हात घालणाऱ्या छोट्या संस्था आणि विद्यापीठांचे विभाग दारातच अडतात. मग रस्ते-पूल-पाणी सगळ्याचे सल्ले देणारी मोठी कंपनी काम घेते आणि एखाद्या नामवंत अभ्यासकाचा बायोडेटा जोडते. तो अभ्यासक साइटवर फिरकतही नाही. यावर उपाय सोपा आहे: मुख्य माणसानं प्रत्यक्ष साइटवर किती दिवस हजर राहायचं हे करारात लिहायचं, आणि लेखी परवानगीशिवाय माणूस बदलायचा नाही.

पैसे कोण देतो, याला फार महत्त्व आहे. मोठ्या कामांत अनेकदा वारसा सल्लागार मुख्य ठेकेदाराच्या हाताखाली टाकला जातो. म्हणजे ज्याच्या खोदाईवर लक्ष ठेवायचं, त्याच्याच सहीनं बिल निघणार. असा सल्लागार कितीही सचोटीचा असला तरी त्याला ‘पोकलेन थांबवा’ म्हणणं जड जातं. त्याला महापालिकेनं थेट नेमावं आणि त्याचा अहवाल थेट आयुक्तांच्या पातळीवर जावा. दुसरी वाईट सवय म्हणजे शेवटचा मोठा हप्ता ‘ना हरकत मिळाल्यावर’ देणं. त्या क्षणी सल्लागाराचा एजंट होतो. हरकत घ्यायची वेळ आली तर घेणं, हेच तर त्याचं काम. हप्ते टप्प्यांवर बांधावेत: अभ्यास, चाचणी, देखरेख, अहवाल.

आता ठेकेदाराची बाजू. खड्ड्यात काही दिसलं की मुकादम ते झाकतो, असं आपण नावं ठेवतो. पण काम थांबलं की यंत्रांचं भाडं त्याच्या मालकाच्या अंगावर पडतं, मुदत उलटली तर वर दंड. मग तो का सांगेल? म्हणून मुख्य बांधकामाच्या करारातच कलम हवं: अवशेष सापडल्यास काम किती तासांत थांबवायचं, कोणाला फोन करायचा, सल्लागारानं किती दिवसांत पाहणी करायची, त्या काळात यंत्रांचा मोबदला किती, मुदतवाढ किती. अशी ‘अचानक सापडल्यास’ची कार्यपद्धती जागतिक बँकेच्या कर्जातून होणाऱ्या कामांत मागितलीच जाते. आपल्या पैशातल्या कामांतही ती घालायला कोणी अडवलेलं नाही. सोबत पोकलेनचा चालक आणि मुकादम यांना काम सुरू होण्याआधी अर्धा दिवस बसवून खापर कसं दिसतं, राखेचा थर कसा दिसतो, हे दाखवावं. सगळ्यात आधी नजर पडते ती त्यांचीच.

इमारतींच्या शेजारी काम असेल तर वेगळी तयारी लागते. मुंबईत दादाभाई नौरोजी रोडवरच्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या जीर्णोद्धाराला २०१५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये तिच्या माथ्यावरच्या नक्षीदार दगडी कळसाचा तुकडा कोसळला. संस्थेनं मेट्रो-३ च्या कामाकडे बोट दाखवत उच्च न्यायालयात धाव घेतली आणि तिथलं भुयारीकरण काही काळ थांबलं. अशा वादात निर्णायक ठरते ती खोदाईपूर्वीची पाहणी: प्रत्येक तडा मोजून, तारीख घालून, फोटोसह नोंदलेला. तड्यांवर मापकं, भिंतींवर कंपनमापक, आणि कंपन ठरलेल्या मर्यादेवर गेलं की काम थांबवण्याचा अधिकार. ही नोंद नसेल तर तडा जुना की नवा, हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही.

दुरुस्तीच्या कामांत आणखी एक अडचण. नेहमीच्या दरसूची सिमेंट-काँक्रीटच्या कामांना धरून बेतलेल्या असतात. मुरवलेल्या चुन्याचं काम, दगडाच्या जातीची जुळवाजुळव, कारागिराचे दिवस यांचा दर स्वतंत्र काढावा लागतो. सल्लागारानं तो काढून दिला नाही, तर ठेकेदार सवयीनं सिमेंट थापतो. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंट ती आत कोंडतं, आणि काही पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे निघू लागतात. हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन २०१९ मध्ये पुन्हा खुलं झालं, ते रंगाचे जुने थर नेटानं उतरवून. त्याच चौकाच्या कामात रस्त्याखाली १९६४ मध्ये बंद झालेल्या ट्रामचे रूळही निघाले होते. वरच्या दगडासाठी एक तज्ज्ञ आणि खालच्या रुळांसाठी दुसरा, अशी दोघांची गरज एकाच चौकात दिसली.

नागरिक म्हणून आपण काय करू शकतो? निविदा महाटेंडर्सच्या पोर्टलवर कोणालाही दिसतात. आपल्या भागात मोठी खोदाई निघाली तर तिच्यात वारसा सल्लागाराची कार्यकक्षा आहे का, ते वाचा. नसेल तर निविदापूर्व बैठकीच्या आत नगरसेवकाला आणि आयुक्तांना पत्र द्या. नंतरच्या पत्रांना पोच तेवढी मिळते. काम झाल्यावर माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: सल्लागाराची नेमणूक कोणत्या तारखेची आणि कार्यादेश कोणत्या तारखेचा, त्याचा अहवाल, आणि सापडलेल्या वस्तूंची यादी व त्या आज कोणाच्या ताब्यात आहेत. पहिल्या उत्तरातल्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की पुष्कळ काही कळतं.

आणि अहवाल ‘काहीही सापडलं नाही’ असा असेल तरी तो मागाच. अमुक चौकात तीन मीटर खोल गेलो, सगळा अलीकडचा भराव लागला, ही माहितीसुद्धा मोलाची आहे. पुढच्या वर्षी तिथून पाण्याची लाइन टाकणाऱ्याला तपासणीचा खर्च वाचतो. इंग्लंडमध्ये अशा प्रत्येक खोदाईची नोंद स्थानिक नकाशावर चढते आणि पुढचा अभ्यास तिथून सुरू होतो. आपल्या महापालिकांकडे पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनींचे संगणकीय नकाशे तयार होत आहेत. त्यावरच आणखी एक थर चढवायचा: कोणत्या वर्षी, कुठे, किती खोल खणलं आणि काय दिसलं. यासाठी नवा कायदा लागत नाही. सल्लागाराच्या करारात ‘नोंदी महापालिकेच्या नकाशात भरून द्याव्यात आणि अहवाल सार्वजनिक करावा’ एवढी एक ओळ पुरते.